बाजरीचे घरचे बी मोडू देऊ नका



रोहिणी सरते, मृगाचे ढग दिसू लागतात आणि तालुक्याच्या गावी बियाण्याच्या दुकानांपुढे गर्दी होते. एकरी दीड किलोची बाजरीची पिशवी घेऊन आपण घरी येतो. पिशवीवर वाणाचे नाव असते, उगवणशक्तीचा टक्का असतो, भाव तर असतोच. पण एक गोष्ट तिच्यावर लिहिलेली नसते. ती अशी की, या पिशवीतल्या प्रत्येक दाण्याच्या आईला स्वतःचे परागकण नव्हते. शास्त्रज्ञ तिला 'नर-वंध्य' म्हणतात.

आता तुम्ही म्हणाल, वंध्य झाडाला दाणा कसा आला? आणि आला तर त्या दाण्याचे पीक आमच्या शेतात भरभरून कसे येते? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर नीट समजून घेतले, की घरातल्या गाडग्यातले जुने बी का जपायचे हेही आपोआप समजेल. म्हणून आज बाजरीच्या घराण्याची ही हकिकत सांगतो.

बाजरीचे फूल कसे असते?

बाजरीचे कणीस पोग्यातून बाहेर पडले, की सकाळच्या वेळी जवळ जाऊन पाहा. आधी कणसावर पांढुरके, नाजूक, पिसासारखे तंतू दिसतात. ते स्त्रीकेसर, म्हणजे मादीचा भाग. दोन-तीन दिवसांनी त्याच कणसावर पिवळसर पुंकेसर लोंबू लागतात. हात लावला तर बोटाला पीठ लागते. ते पीठ म्हणजे परागकण, नराचा भाग.

मादी आधी तयार होते आणि नर मागाहून. त्यामुळे बाजरीत बहुतेक दाणे शेजारच्या ताटाचे पराग वाऱ्याने येऊन धरतात. निसर्गानेच ही परक्या घरची सोयरीक ठरवून दिली आहे. दोन निराळ्या घराण्यांचा संकर झाला, की संततीला जोम येतो, हे शास्त्रज्ञांना फार पूर्वीपासून ठाऊक होते. अडचण होती ती हा संकर मोठ्या प्रमाणावर करायची. एका कणसावर हजारांनी फुले. प्रत्येक फुलातले पुंकेसर चिमट्याने काढायचे म्हटले, तर दिवसभरात एक कणीसही पुरे व्हायचे नाही. मग एकरांच्या एकरांना पुरेल एवढे संकरित बी कोठून आणायचे?

यावर एकच उपाय होता. जिला पराग येतच नाहीत अशी मादी हवी. अशा झाडांच्या ओळी एकीकडे लावायच्या, दुसऱ्या घराण्याच्या नर-ओळी शेजारी लावायच्या, आणि बाकीचे काम वाऱ्यावर सोपवायचे. आजही बाजरीच्या बीजोत्पादनाच्या शेतात मादीच्या चार ओळी आणि नराच्या दोन ओळी अशीच लावण पाहायला मिळते.

वंध्यत्व कोणाचे?

आपल्याकडे घरात मूल झाले नाही, की पहिले बोट सुनेकडे जाते. बाजरीचे शास्त्र मात्र निराळेच सांगते. या झाडाची कूस पूर्ण निरोगी असते. दुसऱ्या झाडाचा पराग मिळताच कणीस टच्च भरते. दोष असतो तो फक्त नराच्या बाजूला. परागकोश सुकलेला आणि आत पीठच नाही.

हे कशामुळे होते? प्रत्येक पेशीत दोन ठिकाणी वंशाच्या सूचना लिहिलेल्या असतात. त्या सूचनांनाच जनुके म्हणतात. मोठा साठा पेशीच्या केंद्रात असतो, आणि तो आई-बाप दोघांकडून निम्मा निम्मा येतो. थोडा साठा केंद्राबाहेरच्या पेशीद्रवात, पेशीला शक्ती पुरवणाऱ्या बारीक कणांत असतो. हा साठा बाजरीत आईकडूनच येतो. असे समजा, पराग सोयरिकीला येतो तो आपली वंशाची चोपडी तेवढी काखेत मारून. घर, चूल, भांडीकुंडी सारे आईकडचे. 'खाण तशी माती' असे आपण म्हणतो ते पेशीद्रवाच्या बाबतीत अक्षरशः खरे आहे.

नर-वंध्य ओळीत आईकडून आलेल्या या साठ्यातच बिघाड करणारे जनुक असते. बाकी सगळ्या झाडाची वाढ चांगली होते. फक्त पराग पोसण्याच्या ऐन वेळी हे जनुक घात करते आणि पराग उपाशी मरतात. पण निसर्गाने त्यावर उताराही ठेवला आहे. काही वाणांच्या केंद्रात असे एक जनुक असते, की ते या घातक जनुकाचे तोंड बंद करते. त्याला 'फलनक्षमता परत आणणारे' जनुक म्हणतात. बापाकडून हे जनुक आले, की वंध्य आईच्या पोटी आलेल्या संततीला भरपूर पराग येतात. म्हणून पिशवीतले बी आपल्या शेतात सुखाने फुलते, भरते आणि पिकते.

हायब्रीड बाजरीचे घरचे बी दुसऱ्या वर्षी का धरू नये, तेही यातूनच कळेल. पुढच्या पिढीत ही जनुके विखुरतात. काही ताटांना उताऱ्याचे जनुक मिळते, काहींना मिळत नाही आणि ती पुन्हा परागाविना राहतात. उंची निराळी, फुलोऱ्याची वेळ निराळी, कणीस निराळे. पहिल्या वर्षीचा जोमही उरत नाही.

तीन हंगामांत चढलेली बाजरी

आता इतिहासाकडे वळू. अमेरिकेत जॉर्जिया राज्यात टिफ्टन नावाचे गाव आहे. तेथील संशोधक ग्लेन बर्टन यांनी बाजरीची एक नर-वंध्य ओळ तयार केली. गावाच्या नावावरून तिला 'टिफ्ट २३ ए' म्हणतात. अमेरिकेत बाजरी जनावरांच्या चाऱ्यासाठी लावत. आपल्याला ती भाकरीसाठी हवी होती. ही ओळ भारतात आली आणि लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठात डॉ. दिलबागसिंग अठवाल यांनी तिचा देशी नराशी संकर केला. त्यातून १९६५ साली 'एचबी-१' ही देशातली पहिली नर-वंध्य ओळीवर आधारलेली संकरित बाजरी बाहेर पडली. पाठोपाठ १९६८ साली 'एचबी-३' आली. लवकर येणारी, टपोऱ्या दाण्याची ही बाजरी शेतकऱ्यांनी उचलून धरली.

घरातल्या वडीलधाऱ्यांना ते दिवस आठवत असतील. जिथे एकरी दोन-तीन पोती निघायची, तिथे खळ्यावर रास मावेना. १९७०-७१ साली देशात सुमारे ८० लाख टन बाजरी पिकली. एवढी बाजरी त्याआधी कधी पिकली नव्हती.

आणि मग गोसावी आला. गोसावी, म्हणजेच केवडा रोग, तुमच्या ओळखीचा आहे. पाने पिवळी पडतात, खालच्या बाजूस पांढरी बुरशी धरते, आणि कणसात दाण्याऐवजी हिरव्या पानांचा झुपका येतो, जणू जटाच. हा रोग आपल्याकडे नवा नव्हता. गावरान बाजरीतही चार-दोन ताटे गोसावी होत. पण १९७१ पासून संकरित बाजरीची शेतेच्या शेते जटाधारी दिसू लागली. १९७४-७५ साली देशाचे बाजरीचे उत्पादन १९७०-७१ च्या निम्म्याहूनही खाली आले. त्या वर्षांत पावसानेही दगा दिला होता हे खरे. तरी रोगाचा वाटा मोठा होता.

असे का झाले? 'एचबी-१' पासून 'एचबी-५' पर्यंत नावे पाच, बाप निराळे, पण आई एकच, ती 'टिफ्ट २३ ए'. या आईला गोसावी रोगाशी झुंजण्याची ताकद नव्हती. गावरान बाजरीच्या शेतात प्रत्येक ताट थोडे निराळे असते. रोगाला एका घराचे कुलूप उघडता आले, तरी दुसऱ्या घराचे उघडत नाही. येथे मात्र पंजाबापासून दख्खनपर्यंत सगळ्या घरांना एकच कुलूप होते. रोगाला त्याची किल्ली सापडली.

याच सुमारास अमेरिकेत

हा अनुभव आपल्यालाच आला असे नाही. मक्याचा तुरा हाताने उपटण्याची मजुरी वाचावी म्हणून अमेरिकेतही मक्याची नर-वंध्य ओळ वापरात होती. टेक्सास राज्यात सापडली म्हणून तिच्या पेशीद्रवाला 'टेक्सास पेशीद्रव' म्हणत. १९७० साली तिथल्या संकरित मक्यापैकी सुमारे ८५ टक्के मका या एका आईच्या वंशातला होता. त्या वर्षी पानांवरच्या करपा रोगाची एक नवी जात आली आणि एका हंगामात देशातला सुमारे १५ टक्के मका गेला.

पुढे १९८०च्या दशकात शास्त्रज्ञांनी या मक्याचे वंध्यत्वाचे जनुक हुडकून काढले. तेव्हा उलगडले, की ज्या जनुकामुळे पराग मरत होते त्याच जनुकामुळे करप्याचे विष झाडाला बाधत होते. वंध्यत्वाची सोय आणि रोगाचे दार ही एकाच जनुकाची दोन कामे होती.

बाजरीत मात्र तसे निघाले नाही. पुढच्या प्रयोगांत आढळले, की गोसावी रोगाचा दोष वंध्यत्व आणणाऱ्या पेशीद्रवाकडे नव्हता. तो त्या ओळीच्या केंद्रातल्या जनुकांत होता. हा फरक कळला म्हणूनच बाजरीचे वंध्य पेशीद्रव टाकून द्यावे लागले नाही. तेच पेशीद्रव ठेवून रोगाला टक्कर देणाऱ्या नव्या आया घडवता आल्या. फलनक्षमतेच्या जनुकांचा अभ्यास हा प्रयोगशाळेतल्या लोकांचा रिकामपणाचा उद्योग आहे असे कोणी म्हटले, तर त्याला ही दोन उदाहरणे सांगा.

औषध कोणाच्या घरी सापडले?

आता कळीचा प्रश्न. रोगाला टक्कर देणारी जनुके आणली कोठून? ती कारखान्यात तयार होत नाहीत. ती कोणाच्या तरी शेतात, कोणाच्या तरी कणगीत असावी लागतात.

बाजरीचे माहेर पश्चिम आफ्रिका. सहाराच्या दक्षिणेकडील कोरड्या पट्ट्यात हजारो वर्षांपूर्वी लोकांनी रानगवतातून बाजरी घडवली आणि पुढे ती आपल्याकडे आली. रोगाचे आणि पिकाचे वैरही तिथे जुने. म्हणून त्या रोगाशी झुंजून टिकलेली झाडेही तिथल्या गावरान बियाण्यात होती. नायजेरियाकडच्या अशा वाणांच्या मिश्रणातून हैदराबादजवळ पाटनचेरू येथील इक्रिसॅट संस्थेने 'डब्ल्यूसी-सी ७५' हा वाण निवडला. तो १९८२ साली प्रसारित झाला. हा हायब्रीड नव्हता, सुधारित वाण होता, आणि गोसावी रोगापुढे तो ठाम उभा राहिला. दरम्यान १९७०च्या दशकाच्या शेवटी आलेले 'बीजे १०४' आणि 'बीके ५६०' हे संकरित वाण पुन्हा एका आईवर विसंबून होते, आणि काही वर्षांतच त्यांनाही रोगाने गाठले.

आपल्या महाराष्ट्राशी तर एका लहानशा देशाचे फार जवळचे नाते आहे. त्याचे नाव टोगो. या देशाच्या उत्तर भागातले शेतकरी लवकर येणारी, जाड आखूड कणसाची, टपोऱ्या दाण्याची गावरान बाजरी पिकवत आले आहेत. तिला 'इनियादी' म्हणतात. तिच्यातून निवड करून 'आयसीटीपी ८२०३' हा वाण तयार झाला आणि १९८८ साली महाराष्ट्र व आंध्र प्रदेशासाठी प्रसारित झाला. आपल्या अवर्षणाच्या पट्ट्यात तो चांगलाच रुजला. पुढे त्याच्यातूनच जास्त लोहाची ताटे निवडून 'धनशक्ती' हा वाण काढण्यात आला. २०१२ साली तो महाराष्ट्रासाठी आला. त्याच्या किलोभर दाण्यात सुमारे ७१ मिलिग्रॅम लोह असते. अंगात रक्त कमी असलेल्या आयाबहिणींना आणि वाढत्या वयाच्या मुलींना याचे मोल काय, ते वेगळे सांगायला नको.

विचार करा. भोगीच्या दिवशी तीळ लावलेली भाकरी ताटात येते, तिच्यामागे टोगोतल्या अनाम बायाबापड्यांचे कष्ट असू शकतात. त्यांनी पिढ्यान् पिढ्या ती कणसे निवडून पुढच्या पेरणीसाठी ठेवली. त्यांना जनुक हा शब्द ठाऊक नव्हता, महाराष्ट्रही ठाऊक नव्हता. पण त्यांच्यापैकी कोणी ते बी मोडून खाल्ले असते, तर त्याचे नुकसान आपल्याला पोचले असते.

रानातली भावकी

वंध्यत्वाचेही तसेच. साऱ्या देशाची बाजरी एका पेशीद्रवावर विसंबू नये म्हणून शास्त्रज्ञ दुसरी पेशीद्रवे शोधू लागले. त्यातले एक १९८९ साली बाजरीच्या रानटी आफ्रिकी भावकीत मिळाले. शेताच्या बांधावर उगवणाऱ्या या गवताकडे कोणी ढुंकूनही पाहिले नसते.

भाताची हकिकत याहून बोलकी आहे. चीनमधील हायनान बेटावर १९७० साली पाणथळ जागेत रानभाताचे एक झाड सापडले. त्याचे पराग मरतुकडे होते. शास्त्रज्ञ युआन लाँगपिंग यांच्या सहकाऱ्याने ते हेरले. त्या एका झाडाच्या वंशातून संकरित भाताचा मार्ग खुला झाला आणि पुढे तो जगभर गेला. आपल्या मराठवाडा-विदर्भाच्या तुरीचेही तेच. तुरीच्या एका रानटी नातलगाचे पेशीद्रव घेऊन इक्रिसॅटने नर-वंध्य तूर तयार केली आणि २०१० च्या सुमारास तिच्यावर आधारलेली संकरित तूर शेतात आली.

या तिन्ही पिकांत शास्त्रज्ञांनी वंध्यत्वाचे जनुक घडवले नाही. ते शोधले. आणि शोधायला गेल्यावर ते सापडले, कारण रान शिल्लक होते.

शीतगृहातले बी आणि शेतातले बी

'मग सरकारने हे बी साठवावे, आम्ही कशाला?' असे कोणी विचारील. सरकारने साठवले आहे. नवी दिल्लीत १९७६ साली राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संपदा ब्युरो स्थापन झाला. अकोल्याला त्याचे प्रादेशिक केंद्र आहे. बी पुरेसे सुकवून, हवाबंद पाकिटात, उणे १८ अंश सेल्सिअसला ठेवले, की कित्येक वर्षे जिवंत राहते. पाटनचेरूच्या बीजपेढीत एकट्या बाजरीचे २० हजारांहून अधिक नमुने आहेत. २०१७ साली बाजरीची संपूर्ण जनुकांची वाचणी प्रसिद्ध झाली. त्यासाठी मुख्य नमुना म्हणून निवडलेली ओळ 'टिफ्ट २३' च्याच वंशातली होती. तिच्यासोबत रानटी बाजरीसह सुमारे हजार नमुन्यांची जनुके तपासली गेली. हे नमुने कोठून आले? कोणी तरी गावोगाव हिंडून, शेतकऱ्यांच्या खळ्यांवरून मूठ मूठ गोळा केले म्हणून.

पण शीतगृहातल्या बियाण्याला एक मर्यादा आहे. ते झोपलेले असते. बाहेर पाऊस बदलतो, रोगाच्या नव्या जाती येतात, उन्हाळा वाढतो. झोपलेल्या बियाण्याला त्यातले काही कळत नाही. शेतात दरवर्षी पेरले जाणारे बी मात्र प्रत्येक हंगामात परीक्षा देते. जे ताट टिकले त्याचे बी आपण धरतो. शेतकऱ्याची निवड आणि निसर्गाची निवड अशी हातात हात घालून चालते. त्यासाठी शेतकरीच लागतो.

दुसरी गोष्ट अशी, की बियाण्यासोबत त्याची माहितीही जपावी लागते. ही बाजरी हलक्या रानात येते, ही केसाळ कणसाची आहे म्हणून पाखरे बसत नाहीत, हिचे सरमाड बैल आवडीने खातात, हिची भाकरी दुसऱ्या दिवशीही मऊ राहते, हे ज्ञान पाकिटावर मावत नाही. ते बहुधा घरातल्या आजीपाशी असते. आजी गेली आणि गाडग्यातले बी किडले, की दोन्ही एकदमच जातात.

अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. शाळेची पायरी न चढलेल्या या बाईंनी घरीच बियाण्यांची पेढी उभारली. वालाचे, भाताचे, भाजीपाल्याचे कितीतरी गावरान वाण जपले आणि इतर बायांना वाटले. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांनी सुरुवात केली ती घरच्या चार मडक्यांपासूनच.

आपण काय करायचे?

हायब्रीड पेरू नका असे मी सांगणार नाही. वर्षाची बेगमी आणि कर्जाचा हप्ता हायब्रीडच्या पोत्यांवर अवलंबून असतो. सुधारित आणि संकरित वाण जरूर पेरा, पण दरवर्षी सगळे रान एकाच वाणाखाली घालू नका. आणि घरात किंवा भावकीत कोणाकडे जुनी बाजरी असेल, तर एक-दोन गुंठे तिच्यासाठी राखा. ते कसे करायचे, ते थोडक्यात सांगतो.

१) बाजरी परक्याचा पराग घेते, हे वर सांगितलेच. म्हणून जुन्या बाजरीचा तुकडा शेजारच्या हायब्रीडपासून शक्य तेवढा दूर धरा. वाणाच्या प्रमाणित बियाण्यासाठी २०० मीटर अंतर राखतात. तेवढे जमत नसेल तर तीन-चार आठवड्यांच्या फरकाने पेरा, म्हणजे फुलोरा एका वेळी येणार नाही.

२) गोसावी झालेले ताट दिसताच उपटून जाळा. ते शेतात राहिले तर त्याचे बीजाणू जमिनीत वर्षानुवर्षे टिकतात.

३) बियाण्यासाठी कणसे तुकड्याच्या मधल्या भागातून निवडा. कडेच्या ओळींत बाहेरचा पराग जास्त येतो.

४) एकच सर्वांत मोठे कणीस पाहून त्याचेच बी धरणे ही सवय बाजरीत चालत नाही. त्याने वंश आखडतो आणि पुढे पीक खुरटते. निदान १००-१५० निरोगी ताटांची कणसे घ्या आणि प्रत्येकाचे सारखे दाणे एकत्र करा. जुन्या वाणाची खरी दौलत त्याच्या निराळेपणातच असते.

५) अरगट किंवा काणी लागलेली कणसे बियाण्याला घेऊ नका. पेरणीपूर्वी १० लिटर पाण्यात २ किलो मीठ विरघळवून त्यात बी टाका. वर तरंगणारे हलके दाणे आणि अरगटाच्या काळ्या गाठी काढून फेका. त्या गुरांना घालू नका. तळाचे बी साध्या पाण्याने दोन-तीनदा धुऊन सावलीत सुकवा.

६) साठवणीचे बी दाताखाली कट्कन फुटेल इतके वाळलेले असावे. राख आणि कडुनिंबाचा वाळका पाला मिसळून ते झाकणबंद डब्यात किंवा लिंपलेल्या मडक्यात ठेवा. चुलीपासून आणि ओल्या भिंतीपासून दूर ठेवा.

७) पेरणीआधी १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून आठवडाभरात किती उगवतात ते मोजा. ७५ च्या वर उगवले तर बी चांगले. कमी उगवले तर बियाण्याचे प्रमाण वाढवा, पण वाण टाकून देऊ नका.

८) दोन-तीन वर्षांतून एकदा तरी ते बी पेरून ताजे करा, आणि मूठभर बी दुसऱ्या गावच्या पाहुण्याकडे द्या. तुमच्याकडे गारपिटीने गेले, तर त्याच्याकडून परत मिळेल.

९) मुलांच्या वहीत एक पान या वाणासाठी ठेवा. नाव, कोणाकडून आले, किती दिवसांत येते, कोणत्या रानात येते, भाकरी कशी होते, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहा.

कायदाही तुमच्या बाजूने आहे. २००१ साली संसदेने वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा केला. त्याने शेतकऱ्याला आपल्या शेतातले बी राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा आणि विकण्याचाही हक्क दिला आहे. मात्र संरक्षित वाणाचे बी कंपनीच्या नावाची पिशवी करून विकता येत नाही. शेतकऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या सांभाळलेला वाण शेतकऱ्याच्या किंवा गावाच्या नावाने नोंदवताही येतो. तुमच्याकडे असा वाण असेल, तर जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा कृषी कार्यालयात जाऊन नोंदणीची माहिती घ्या. अकोल्याच्या केंद्राकडे नमुना पाठवायचा झाला, तरी त्याची वाट तिथून मिळेल.

बंधू-भगिनींनो, पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत बाजरीवर कोणता रोग येईल, ऊन किती वाढेल, हे आज कोणालाही सांगता येणार नाही. त्या वेळी लागणारे जनुक कोणाच्या गाडग्यात आहे, हेही सांगता येणार नाही. कदाचित ते तुमच्याच माळ्यावर असेल. यंदा दिवाळीची साफसफाई करताना एखादे जुने मडके हाती लागले, तर त्यातले दाणे कोंबड्यांपुढे टाकण्याआधी घरातल्या आजीला विचारा, हे बी कशाचे आहे. आणि उगवते का, ते गोणपाटात टाकून पाहा.